सोयाबीनची आवक सुरू होण्याआधी: आडतीच्या सॉफ्टवेअरमधल्या एक्सेप्शनची तयारी

दसऱ्याच्या पुढेमागे लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या गाड्यांची रीघ लागली की कोडला हात लावायला कोणी देत नाही. म्हणून काट्यावरचं वजन वाचून हिशोबपट्टी काढणारा सी प्लस प्लसमधला प्रोग्राम पोळा झाला की उघडायला घ्या.

आधी चूक कशाला म्हणायचं ते ठरवा. (एक्सेप्शन म्हणजे काम पुढे नेता येत नाही तेव्हा कोड जी चूक वर ‘फेकतो’ ती वस्तू. वरचा कॅच हा भाग ती ‘पकडतो’. तिचा साचा म्हणजे क्लास.) हमीभाव केंद्राला सोयाबीनमध्ये 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. 14 निघाला तर माल परत जातो. हे रोजचंच, त्यासाठी एक्सेप्शन फेकू नका, साधं उत्तर द्या. (तो 12 कोडात कोरूनही ठेवू नका, 2024 च्या हंगामात केंद्र सरकारने मर्यादा 15 केली होती.) काट्याची केबल निसटली, डिस्क भरली, आजचा दरच फाइलमध्ये नाही, ही खरी एक्सेप्शनं. पकडणारा जितक्या वेगळ्या गोष्टी करणार तितकेच क्लास करा. काटा पुन्हा वाचायचा, दर दिवाणजींना विचारायचा, डिस्क भरली तर थांबायचं, झाले तीन. हमालीला एक, तोलाईला एक असं खटलं वाढवण्यात अर्थ नाही.

खरा वेळ द्यायचा तो क्लासच्या आतल्या मालाला. समजा आत एसटीडी स्ट्रिंग (मानक लायब्ररीतला मजकुराचा प्रकार) ठेवली आणि मेमरी संपत आलेली आहे. कॅचमध्ये वस्तू थेट घेतली की तिची प्रत निघते, स्ट्रिंग नव्याने मेमरी मागते, ती मिळत नाही, आणि त्या घडीला दुसरं एक्सेप्शन उडालं की एसटीडी टर्मिनेट, म्हणजे प्रोग्राम जागीच बंद. प्रोग्राम गेला, पट्टी अर्धवट. त्यापेक्षा एसटीडी रनटाइम एरर या तयार क्लासपासून आपला क्लास काढा. त्याची प्रत काढताना एक्सेप्शन उडत नाही ही मानकातलीच हमी आहे. जास्तीची माहिती, म्हणजे पावती क्रमांक किंवा पोर्ट क्रमांक, पूर्णांकात ठेवा. चुकीचा मजकूर कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे वस्तू तयार होतानाच जुळवा, तो परत देणाऱ्या व्हॉट या फंक्शनमध्ये नाही. आणि पकडायचं ते कायम कॉन्स्ट रेफरन्सने, म्हणजे प्रत न काढता मूळ वस्तूच बघून, नाहीतर मूळ क्लासच्या नावाने पकडताना तुमचा पावती क्रमांकच छाटला जातो.

डिस्ट्रक्टरमधून, म्हणजे वस्तू मोडताना चालणाऱ्या कोडमधून, काही फेकू नका. सी प्लस प्लस 11 पासून तो मुळातच नोएक्सेप्ट असतो, म्हणजे त्यातून एक्सेप्शन बाहेर पडलं की प्रोग्राम बंद. फाइल बंद करताना चूक येऊ शकते, तेव्हा ती आधीच उघडपणे बंद करून तपासा. पट्टी आधी तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहा, मग नाव बदला.

वजन कोडात ज्या डेटा टाइपमध्ये ठेवता तेही बघून घ्या. 4 जून 1996 ला युरोपच्या एरियन 5 रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात 64 बिटांचा दशांश आकडा 16 बिटांच्या पूर्णांकात मावला नाही, ते एक्सेप्शन कोणी पकडलं नाही आणि सुमारे 40 सेकंदांत रॉकेट गेलं. मुख्य आणि राखीव, दोन्ही यंत्रांत सॉफ्टवेअर एकच, त्यामुळे दोन्ही बंद पडली. अधिक-उणे चिन्ह असलेल्या 16 बिटांच्या पूर्णांकात 32,767 च्या वर मावत नाही. भरलेल्या मोठ्या ट्रकचं किलोतलं वजन त्याच्या सहज पुढे जातं.

शेवटी मुद्दाम खोड्या काढा. काटा चालू असताना केबल उपटा, दराच्या फाइलचं नाव बदला, छोटा पेनड्राइव्ह गच्च भरून त्यावरच पट्टी साठवायला लावा. लॉगमध्ये काय हवं ते लिहा, पण पडद्यावर दिवाणजींना कळेल असं मराठी वाक्य दिसलं पाहिजे. ही चाचणी त्यांच्याच हातून करून घ्या. वाक्य वाचून त्यांनी तुम्हाला फोन लावला, तर वाक्य बदला.