उन्हात पोर्ट्रेट काढायचंय? स्वस्त लाइट घेताना या चुका टाळा

पहिला लाइट घेताना बहुतेक जण आधी बजेट ठरवतात आणि मग त्या बजेटमध्ये सर्वांत मोठा आकडा छापलेलं खोकं उचलतात. सुरुवात दुसरीकडून करायला हवी. तुम्ही जास्तीत जास्त किती उन्हात काम करणार, हे आधी ठरवा. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर सूर्य मावळताना पुरून उरणारा फ्लॅश त्याच घाटावर दुपारी बाराला उडाला की नाही, हेही फोटोत कळत नाही.

गाइड नंबर जसाच्या तसा धरणं

गोडॉक्स टीटी६००सारख्या स्पीडलाइटचा (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशचा) गाइड नंबर, म्हणजे ताकद सांगणारा आकडा, ६० दिलेला असतो. पण तो मोजलाय डोकं २०० मिमीला झूम करून, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला आणि समोर काहीही न लावता. पोर्ट्रेटला आपण फ्लॅश तसा वापरतच नाही. सॉफ्टबॉक्समध्ये (प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीत) झोत पसरवावा लागतो, वर कापडाचे पडदे प्रकाश खातात, आणि ६० चा आकडा विशीच्या घरात येतो.

आता हिशेब करा. गाइड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागलं की अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा, मिळतं. दोन मीटरवर २० भागिले २, म्हणजे एफ/१०. भर दुपारी आयएसओ १०० आणि १/२०० शटरला नुसतं ऊनच साधारण एफ/११ मागतं. म्हणजे फुल पॉवर देऊनही फ्लॅश जेमतेम उन्हाच्या बरोबरीला येतो, आणि तो पुन्हा चार्ज होईपर्यंत समोरचं जोडपं हसू धरून ताटकळतं.

पहिला उपाय फुकटचा आहे: लाइट जवळ आणा. अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट होतो. सॉफ्टबॉक्स फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत, मीटरभरावर आणला तर तोच स्पीडलाइट उन्हाला उत्तर देतो आणि सावल्याही मऊ पडतात. दुसरा उपाय म्हणजे माणसाला वडाखाली किंवा वाड्याच्या भिंतीच्या सावलीत घेणं. तिथे एक-चतुर्थांश पॉवरही पुष्कळ होते.

एचएसएसच्या भरवशावर राहणं

एफ/२.८ वर मागचं सगळं धूसर हवं म्हणून शटर १/२००० वर नेलं जातं. एचएसएस (हाय-स्पीड सिंक, म्हणजे साधारण १/२०० च्या पुढच्या शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) असलं की फोटोत काळी पट्टी येत नाही, हे खरं. पण त्यात फ्लॅश एकच जोरदार झपका न देता शटरची फट सेन्सरवरून सरकेपर्यंत बारीक झपके देत राहतो. दोनेक स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) तिथेच जातात, आणि शटर आणखी वाढवाल तसा फ्लॅशही आणखी कापला जातो. छोट्या फ्लॅशला हे परवडत नाही.

त्यापेक्षा लेन्सवर एनडी८ फिल्टर (प्रकाश अडवणारी काळसर काच) लावा. तो तीन स्टॉप कापतो, त्यामुळे शटर १/२०० वर ठेवून एफ/११ चं एफ/४ होतं. ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी होत असल्याने त्यांचं प्रमाण बिघडत नाही. दुपारची कामं रोजचीच असतील तर मात्र पैसे साठवून थेट २०० वॉट-सेकंदांचा (ही एका झपक्याची ऊर्जा) गोडॉक्स एडी२०० घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात साधारण तीन स्पीडलाइटची ताकद असते आणि पेन्सिल सेलची कटकटही सुटते. स्पीडलाइटच घेणार असाल तर चांगल्या रिचार्जेबल सेलचे दोन सेट सोबत घ्या. भिंतीवरच्या घड्याळातले साधे सेल फ्लॅशमध्ये घालू नका.

एलईडीचे वॉट आणि फ्लॅशचे वॉट-सेकंद एकाच तराजूत तोलणं

६० वॉटचा एलईडी १/२०० सेकंदात अवघे ०.३ वॉट-सेकंद वीज वापरतो. साधा स्पीडलाइट एका झपक्यात ६०-७० वॉट-सेकंद ओततो. म्हणून दुकानात डोळे दिपवणारा एलईडी चौपाटीवर दुपारी मिणमिणता वाटतो. संध्याकाळी, घरात, हळदीच्या मांडवात मात्र एलईडी फार सोयीचा, कारण डोळ्यांना दिसतं तेच फोटोत येतं.

घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या पुढचा घ्या. कमी दर्जाच्या लाइटखाली चेहऱ्यावर हिरवट झाक येते आणि ती एडिटिंगमध्ये नीट निघत नाही. दुकानातच लाइट १० टक्क्यांवर आणा आणि मेकॅनिकल शटर १/१००० ला ठेवून आपल्याच तळहाताचे पाच-सहा फोटो काढा. पट्टे दिसले किंवा फोटोगणिक उजेड बदलला, तर तो लाइट घेऊ नका.

ट्रिगर कॅमेऱ्याला चालतो का, हे न बघणं

कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या हॉट शूवर (वर फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिन नाही. नवशिक्यांच्या हातात हेच कॅमेरे जास्त असतात. एकाच पिनवर चालणारा स्वस्त ट्रिगर (लांबचा फ्लॅश उडवणारं यंत्र) त्यांच्यावर काम करत नाही. कॅननसाठी बनवलेला टीटीएल (फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याला आपोआप ठरवू देणारा) ट्रिगर लागतो, उदाहरणार्थ गोडॉक्स एक्स२टी-सी.

सगळं जुळूनही फ्लॅश उडत नसेल तर ट्रिगर आणि फ्लॅशचा चॅनल आणि ग्रुप जुळतोय का बघा, मग सायलेंट शटर बंद आहे ना ते बघा. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत सायलेंट शटर चालू असलं की फ्लॅश उडत नाही. फ्लॅश उडतोय पण व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसतोय, तर एक्स्पोजर सिम्युलेशन (फोटो किती उजळ येईल ते आधीच दाखवणारी सोय) बंद करा. सोनीमध्ये त्यासाठी ‘सेटिंग इफेक्ट ऑफ’ निवडतात.

स्टँडवर काटकसर

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सॉफ्टबॉक्स लावलेला हलका स्टँड शिडासारखा वारा धरतो. तो पडला तर फ्लॅश जातो, आणि खाली मूल उभं असेल तर त्याहून वाईट. वारा ज्या दिशेला वाहून जातोय त्या दिशेला स्टँडचा एक पाय करा. जुन्या जीन्सचा पाय शिवून पिशवी करा, तिथलीच वाळू भरा आणि ती वारा येतो त्या बाजूच्या पायांवर टाका. जोराचा वारा असेल तर सॉफ्टबॉक्स काढा आणि सोबतच्या माणसाच्या हातात रिफ्लेक्टर द्या. शनिवारवाड्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत स्टँड उभा करायला आधी परवानगी काढावी लागते.

मावळत्या उन्हात फ्लॅशवर अर्धा सीटीओ जेल (केशरी पारदर्शक पट्टी) लावा, नाहीतर केशरी आभाळापुढे माणूस निळसर-पांढरा दिसतो.

आणि गोव्याच्या लग्नाला विमानाने जात असाल तर लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकू नका. सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात, टोकांना चिकटपट्टी लावून. एडी२०० ची बॅटरी १४.४ व्होल्ट आणि २.९ अँपिअर-तासांची, म्हणजे जवळपास ४२ वॉट-तास, १०० च्या मर्यादेच्या बरीच आत.