ग्रामसभेत काम मागायचंय? आधी ते कुठल्या पैशातून होणार ते बघा

आमच्या वस्तीवरचा रस्ता पावसाळ्यात चिखलाने बंद होतो. दोन वर्षं मी ग्रामसभेत उठून हेच बोललो आणि दोन्ही वेळा उत्तर एकच, निधी आला की बघू. राग यायचा, कारण त्याच वर्षी गावात गटाराचं काम झालं होतं, म्हणजे पैसे तर होते ना. नंतर कळलं की ते पैसे रस्त्याला लावताच येत नव्हते. हे आधीच कोणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती, म्हणून लिहितोय.

ग्रामपंचायतीकडे पैसा एका पिशवीत नसतो. मोठा भाग केंद्राच्या वित्त आयोगाचा. 15व्या आयोगात (2021 ते 26) साठ टक्के बंधित होते, म्हणजे ठरलेल्या कामालाच लावायचे, 30 टक्के पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं वगैरे आणि 30 टक्के स्वच्छता, उरलेले 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण त्यातूनही पगार आणि ऑफिस खर्च करता येत नव्हता. समजा 10 लाख आले तर 3 पाण्याला, 3 स्वच्छतेला, आणि रस्ते दिवे शाळा अंगणवाडी सगळे मिळून 4 लाखात भांडायचे. 2026 पासून 16व्या आयोगाचा काळ, त्यामुळे आता वाटप काय आहे ते ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आधी विचारून घ्या.

दुसरी पिशवी स्वतःच्या उत्पन्नाची, घरपट्टी पाणीपट्टी वगैरे. त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला बालकल्याण, 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. हे पैसे खरंच खर्च होतात का ते नक्की विचारा, कारण याच्यासाठी आवाज उठवणारं सभेत बहुतेक वेळा कोणी नसतं. आणि आपली घरपट्टी थकलेली असेल तर आधी भरा, ही पिशवी आपणच भरतो.

बाकी बरीच कामं पंचायतीच्या पैशातून होतच नाहीत. शेतरस्ता असेल तर रोहयो (रोजगार हमी) किंवा पाणंद योजना, स्मशानभूमी असेल तर जनसुविधा योजना, दलित वस्तीतलं काम असेल तर झेडपीचा समाजकल्याण विभाग. पण तिथे प्रस्ताव जायचा तर ग्रामसभेचा ठराव लागतोच, म्हणून अर्जातच लिहा की हे काम अमुक योजनेतून घ्यावं. नुसतं रस्ता द्या लिहिलं की तो कागद फाईलला लागतो आणि तिथेच राहतो.

आता वेळ. वर्षात निदान चार ग्रामसभा व्हायला पाहिजेत, साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा (जीपीडीपी) 2 ऑक्टोबरपासून करायला घेतात, तेव्हा आपली मागणी त्यात गेली पाहिजे, जानेवारीत बोलून बऱ्याचदा उशीर झालेला असतो. अजून एक कारण म्हणजे आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी माणसं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात, ऑक्टोबरला ती निदान गावात असतात, नाहीतर ज्यांना पाण्याची सगळ्यात जास्त गरज त्यांच्याशिवायच यादी ठरते. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला कोरम लागत नाही, मग वीसेक माणसं अख्ख्या गावाचं ठरवतात, म्हणून पहिल्याच सभेला माणसं न्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते ती अजिबात सोडू नका, हंडा कोण वाहतं ते तिथेच नीट कळतं.

सभेत भावनेने बोलण्यापेक्षा मोजून बोला. किती घरं, किती मुलं त्या वाटेने शाळेत जातात, किती महिने टँकर लागतो, आजारी माणसाला बाजेवर घालून कितीदा न्यावं लागलं. माझं मत स्पष्ट आहे, मार्च एप्रिलमध्ये एका वस्तीला पाणी नसेल तर चौकातले पेव्हर ब्लॉक आणि कमान थांबू शकतात. पण हे म्हणताना दुसऱ्या आळीचीही अडचण ऐका, आम्ही गटाराला विरोध करत बसलो होतो आणि तिथे खरंच घराघरात डेंग्यू होता. नंतर आम्ही दोन्ही आळ्यांनी मिळून एकच यादी दिली, आधी पाणी, मग गटार, मग रस्ता, आणि तेव्हा पहिल्यांदा ती इतिवृत्तात जशीच्या तशी लिहिली गेली.

अर्जाची पोच घ्या, ठराव क्रमांक लिहून ठेवा. आराखडा ईग्रामस्वराज पोर्टलवर गाव निवडून मोबाईलवर बघता येतो, त्यात आपलं काम कुठल्या रकमेने आलंय ते तपासा. पंचायतीचं अंदाजपत्रक नमुना नं. 1 मध्ये असतं, ते दाखवा म्हणून विचारा, दाखवलं नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आमचा रस्ता शेवटी पाणंद योजनेतून घेतला. मुरूम पडलाय, खडीकरण राहिलंय, आणि येत्या 2 ऑक्टोबरला त्याचाच विषय आम्ही आत्ताच लेखी दिलाय.