खोगीर उतरल्यावरची सहा मिनिटं

घोड्यांच्या शोइंग स्पर्धेत पहिल्या फेऱ्या संपल्यावर परीक्षकांनी मला आणि माझ्या घोडीला रांगेत तिसरं उभं केलं होतं. बारा घोडे, त्यात आमचा पहिलाच दिवस. माझा एकटीचा शोसुद्धा सरळ पार पडला. मग सूचना आली, खोगीर उतरवा. पुढच्या सहा मिनिटांत आम्ही तिसऱ्यावरून नवव्यावर आलो. या गोष्टीला दोन वर्षं झाली, तरी रिंगणात कोणी खोगीर उतरवताना दिसलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

तुम्हाला बसता येतं, कॅंटर (मध्यम वेगाची दौड) योग्य पायावर घेता येतो, घोड्याची रोजची निगा राखता येते, हे मी धरून चालते. शोइंगमध्ये उडीची उंची मोजत नाहीत आणि ड्रेसाजसारखे (ठरलेल्या हालचाली करून दाखवण्याच्या स्पर्धेसारखे) हालचालीगणिक गुणही देत नाहीत. घोड्याची ठेवण, चाल, वागणूक आणि तुम्हा दोघांचा नीटनेटकेपणा बघतात. ब्रिटिश परंपरेतल्या खोगीरवर्गांत क्रम साधारण ठरलेला असतो: सगळ्यांनी मिळून वॉक (साधी चाल), ट्रॉट (दुडकी चाल), कॅंटर, काही वर्गांत गॅलप (भरधाव दौड); मग रांग; मग एकेकट्याचा छोटा शो, किंवा परीक्षक स्वतःच तुमच्या घोड्यावर बसतात; आणि बऱ्याच वर्गांत त्यानंतर खोगीर उतरवून घोडा हातात धरून पळवून दाखवायचा. हा शेवटचा भाग मी वाचला होता, समजला होता आणि सोडून दिला होता. रोज चालवते, मोहरकी धरून चरायला नेते, त्यात काय शिकायचं, असं वाटलं होतं.

त्या दिवशी काय झालं ते सविस्तर सांगते, कारण नेमकं हेच कोणी सांगत नाही.

मी उतरले आणि मदतनीस मैत्रीण धावत आत आली. खोगीर निघाल्यावर खालचे केस घामाने चिकटलेले, उलटसुलट वळलेले. तिच्या हातात ब्रश होता, पण ओला स्पंज आणि टॉवेल आम्ही बाहेर ठेवून आलो होतो. चार महिने खरारा करून आणलेली चकाकी पाठीच्या मधोमध गायब. तरी तेवढ्याने कोणाचा नंबर जात नाही. घोडी परीक्षकांसमोर उभी केली, तर ती तबेल्यात उभी राहते तशीच राहिली, एक मागचा पाय सैल सोडून. परीक्षक डाव्या बाजूने बघत असतील तर डावा पुढचा पाय उजव्यापेक्षा किंचित पुढे आणि डावा मागचा किंचित मागे हवा, म्हणजे चारही पाय त्यांना वेगवेगळे दिसतात. ते पलीकडच्या बाजूला गेले की हेच उलट. मी तिचं तोंड इकडे तिकडे ओढत राहिले. तिने मान वर केली, पाठ खाली गेली आणि सुरेख बांध्याची घोडी बेढब दिसायला लागली.

खरा घात पुढे झाला. वॉकमध्ये लांब जायचं, वळायचं आणि ट्रॉटमध्ये सरळ परीक्षकांच्या दिशेने यायचं. मी पळायला लागले, घोडी नाही. मी लगाम ओढला. ती थांबली. मी मागे वळून तिच्या डोळ्यांत बघत ‘चल, चल’ म्हणाले, तर तिने पाय रोवले. मैत्रिणीने बाजूने टाळी वाजवली तेव्हा ती एकदम आडवी उडाली, तीन पावलं ट्रॉट केलं आणि परत वॉकवर आली. परीक्षकांनी दुसरी संधी दिली. दुसऱ्यांदाही तेच झालं. जी चाल त्यांना दिसलीच नाही तिला ते वर कशी ठेवणार? त्यांचा निर्णय बरोबर होता.

चूक माझ्या जागेत होती. माणूस घोड्याच्या पुढे जाऊन ओढतो तेव्हा घोड्याच्या लेखी तो वाट अडवून उभा असतो, आणि त्याच्याकडे तोंड केलं तर वाट पूर्णच बंद होते. तोंडावर ताण आला की शिकवण नसलेला घोडा त्या ताणाविरुद्ध मागे रेलतो. तुमची जागा त्याच्या डाव्या खांद्याशी. लगाम डोक्यावरून पुढे घेतलेला, उजवा हात बिटपासून (घोड्याच्या तोंडातल्या लगामाच्या कडीपासून) साधारण वीतभर खाली, आणि सैल. उरलेला लगाम आणि चाबूक डाव्या हातात. नजर समोर, जिथे जायचंय तिथे. पावलं तुम्ही टाकायची आणि घोड्याने सोबत यायचं. आला नाही तर वळून बघायचं नाही. डावा हात पाठीमागे नेऊन चाबकाचं टोक त्याच्या कुशीला हलकं लावायचं आणि लंजिंगला (लांब दोरीवर घोडा गोल फिरवताना) वापरता तोच शब्द त्याच सुरात म्हणायचा. शब्द आधी, स्पर्श नंतर. काही दिवसांत स्पर्शाची गरज उरत नाही.

सुरुवात कुंपणाच्या किंवा भिंतीच्या कडेने करा, म्हणजे त्याला आडवं पळता येत नाही. पहिले दोन-तीन दिवस मागे चार पावलांवर, लाथेच्या टप्प्याबाहेर, कोणी शांतपणे चालणारं असलं तर उत्तम. रोज आठ-दहा मिनिटं पुरतात. मला हे नीट जमायला सहा आठवडे लागले. वळताना घोड्याला स्वतःपासून दूर, उजवीकडे ढकलून वळवा, तुम्ही बाहेरच्या बाजूने फिरा. स्वतःकडे ओढलंत तर त्याचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि टाप तुमच्या पायावर पडू शकते. वळण वॉकमध्ये पूर्ण करा, घोडा सरळ होऊ द्या, मगच ट्रॉट मागा. डोकं घट्ट धरू नका, कारण मान वाकडी झाली की पावलंही वाकडी पडतात आणि सरळ चालीचा घोडा दोषी दिसतो. परीक्षकांच्या अंगावर आल्यासारखं वाटलं तरी सरळ या. ते बाजूला होतात, त्यांना समोरून, बाजूने आणि मागून असं तिन्ही बघायचं असतं. हे सगळं स्पर्धेतले उंच बूट घालून करून बघा. सपाट बुटांत पळणं आणि त्या बुटांत पळणं यात फार फरक आहे, आणि तुमची लय तुटली की घोड्याचीही तुटते.

उभं करण्याचा सराव वेगळा करा. शक्य तिथे सपाट जागा शोधा, उतार असेल तर पुढचे पाय किंचित चढावर येतील असं ठेवा. पाय चुकला तर तोंड ओढून दुरुस्त करू नका; एक पाऊल पुढे घ्या आणि पुन्हा थांबा. उभं राहिल्याचं कौतुक लगेच करा.

परत चढण्याचाही सराव हवा. खोगीर पुन्हा ठेवल्यावर तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एका दमात आवळला की काही घोडे पाठ उचलतात. दोन-तीन टप्प्यांत आवळा, मध्ये चार पावलं चालवा. रिंगणात चढायला ठोकळा मिळेलच असं नाही, तेव्हा मदतनिसाने पाय धरून वर उचलण्याची सवय तिघांनाही हवी: तुम्हाला, तिला आणि घोड्याला.

एवढं वाचून घाबरू नका. यातली एकही गोष्ट जन्मजात लागत नाही, महागडा घोडाही लागत नाही. साधा, मध्यम बांध्याचा घोडा सैल लगामावर खांद्याला खांदा लावून पळत आला की परीक्षकांचा चेहरा खुलतो. मी ते स्वतः पाहिलं आहे.

तुमच्या वर्गात परीक्षक घोड्यावर बसणार असतील तर आधी तीन-चार वेगवेगळ्या उंचीच्या, वजनाच्या जाणकार माणसांना त्याच्यावर बसू द्या. एकाच हाताची सवय असलेला घोडा अनोळखी पायाला दचकतो.

आता एक मत, ज्यावरून माझी अनेकांशी वादावादी झाली आहे. शोसाठी घोडा जाड करू नका. गोल, भरलेला घोडा रिंगणात छान दिसतो असा जुना समज आहे, आणि चरबी दुबळ्या पाठीवर पांघरूण घालते हेही खरं. पण त्या चरबीचा भार सांध्यांवर आणि खुरांवर पडतो, आणि लॅमिनायटिसचा (खुराच्या आतल्या भागाला येणाऱ्या वेदनादायक सुजेचा) धोका वाढतो. एकदा तो झाला की स्पर्धा राहू द्या, घोड्याला उभं राहणं नकोसं होतं. संशोधक हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ ते ९ अंकांची शरीरस्थितीची मोजपट्टी शिकून घ्या. ५ च्या आसपास बरगड्या दिसत नाहीत पण हात फिरवला की सहज लागतात. दाबून शोधाव्या लागत असतील तर खुराक कमी करा, कोणी काहीही म्हणो. पाठ भरायची असेल तर चढावर वॉक करा. त्याला महिने लागतात.

शॉर्टकटचा मला मनापासून राग आहे. घोडा तापट आहे म्हणून कुठली तरी ‘नैसर्गिक’ शांत करणारी पूड देऊ नका. नैसर्गिक म्हणजे नियमात बसणारी, असं समीकरण नाही. २००८ च्या ऑलिम्पिकमधल्या घोडेस्वारी स्पर्धा हाँगकाँगला झाल्या, तिथे मिरचीतल्या कॅप्सायसिनमुळे घोडे बाद झाले आणि नॉर्वेच्या संघाचं ब्राँझपदक गेलं. तुमची स्पर्धा लहान असेल, तरी पुडीवरचा प्रत्येक घटक वाचा. तसंच तोंडाभोवतीच्या मिशा कापण्याचं. त्या घोड्याचे स्पर्श जाणणारे केस आहेत. एफईआयने (घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने) १ जुलै २०२१ पासून ते कापायला बंदी केली. तुमच्या वर्गाला ते नियम लागू नसले तरी कापू नका.

मार्गदर्शकाबद्दल. मी ज्यांच्याकडे शिकत होते त्यांनी मला बसायला उत्तम शिकवलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण खोगीर उतरवण्याबद्दल विचारलं तेव्हा ‘ते तिथे जमून जातं’ एवढंच उत्तर मिळालं. जमून जात नाही. मला खरं शिकवलं ते वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे घोडे तयार करून रिंगणाबाहेर उभ्या राहिलेल्या एका मोतद्दाराने. पदकं किती यापेक्षा रिंगणाच्या कडेला किती वर्षं काढली, हे विचारा.

शेवटच्या दिवसांचं थोडक्यात. नालबंदाला साधारण आठवडाभर आधी बोलवा, म्हणजे एखादा नाल टोचत असेल तर कळायला वेळ राहतो. लसीच्या तारखा वेळेत बघा. एफईआयच्या नियमानुसार लस आणि स्पर्धास्थळी पोचणं यात किमान ७ दिवस हवेत. आंघोळ आदल्या दिवशी. चकाकीचा फवारा खोगिराच्या जागेवर आणि आयाळीवर मारू नका. खोगीर घसरतं आणि वेण्या हातातून निसटतात. वेण्या घालायच्या की नाही हे आधी वर्गाच्या नियमांत बघा, कारण अरबी घोड्यांची आणि अनेक देशी पोनींची आयाळ मोकळी ठेवतात. नवं खोगीर, नवा बिट, नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. उपाशी घोड्याला पळवू नका. अर्धा तास आधी थोडा चारा पोटात असला तर जठरातलं आम्ल वर उसळत नाही.

रिंगणात कोपरे पूर्ण वापरा आणि स्वतःसाठी मोकळी जागा शोधा. मोठ्या, देखण्या घोड्याच्या आड लपलात तर तुम्ही कोणालाच दिसत नाही. समोरच्याच्या शेपटीला लाल फीत असेल तर तो लाथ मारतो, लांब राहा. तुमचा घोडा खिंकाळला, एकदा चुकीच्या पायावर कॅंटर घेतला, तर शांतपणे ट्रॉटवर या आणि पुन्हा मागा. पहिल्या दिवशी हे होतंच, आणि जाणते परीक्षक चूक कशी सावरली हेही बघतात.

घरी आल्यावर पायांवर हात फिरवून गरमपणा किंवा सूज आहे का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी कडक, सपाट जमिनीवर कोणाला तरी समोर उभं करून घोडा हातात धरून ट्रॉट करा. लंगडणं तपासायला पशुवैद्य हीच चाल बघतात: पुढच्या पायात दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं. आता ही तपासणी मी दर स्पर्धेनंतर करते, आणि घोडी लगाम सैल ठेवून माझ्या खांद्याशी येते.