अमूर्त म्हणजे धूसर नव्हे : विचारात आणि लेखनात या चुका टाळा

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी पहिली विचारणा होते ती राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे याची. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे येथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या आकड्यात पंचगंगेचे काय काय नाही, ते मात्र सहसा कोणी पाहत नाही. पाण्याचा गढूळ रंग, प्रवाहाचा वेग, वाहून येणारे ओंडके, घाटावरच्या पायऱ्या हे सारे बाजूला ठेवले आहे आणि फक्त एक उंची राखली आहे. तरीही याच आकड्यावर माणसे सामान माडीवर हलवतात आणि गोठ्यातली जनावरे सोडतात. अमूर्तीकरण म्हणतात ते हेच : एखाद्या हेतूसाठी वस्तूचे एक अंग निवडणे आणि बाकीची जाणूनबुजून वगळणे.

अमूर्ताला अस्पष्ट समजणे

पहिली आणि सर्वांत हानिकारक चूक ही आहे, आणि तिचे मूळ काही अंशी आपल्या शब्दातच आहे. ‘अमूर्त’ म्हणजे ज्याला मूर्ती नाही, आकार नाही ते. हा शब्द काय नाही एवढेच सांगतो, काय केले ते सांगत नाही. इंग्रजीतला त्याचा प्रतिशब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ ‘ओढून वेगळे काढणे’ असा आहे, म्हणजे तेथे शब्दाच्या पोटात एक क्रिया आहे. आपण आकारहीनतेकडे पाहत राहतो, मग आकारहीन ते धूसर आणि धूसर ते गहन, अशी घसरण होते. ‘43 फूट’ हे पूर्ण अमूर्त आहे आणि त्यात धूसर काहीही नाही. उलट ‘पाणी बरेच चढले आहे’ हे वाक्य डोळ्यांसमोरच्या नदीविषयी असूनही अस्पष्ट आहे. एखादा शब्द जड वाटला, तर तो अमूर्त आहे का असे न विचारता त्याने काय राखले आणि काय वगळले, असे विचारावे. याचे उत्तर देता आले नाही, तर दोष अमूर्ततेचा नसून शब्द न समजता वापरल्याचा असतो.

केवळ भाववाचक नामांना अमूर्त मानणे

शाळेतल्या व्याकरणामुळे धैर्य, गोडवा, माणुसकी एवढेच शब्द अमूर्त आणि बाकी सारे मूर्त, अशी दोन कप्प्यांची समजूत पक्की होते. प्रत्यक्षात ही पायऱ्यांची गोष्ट आहे. अमेरिकेतील भाषा-अभ्यासक एस. आय. हायाकावा यांनी एका विशिष्ट गाईपासून ‘संपत्ती’पर्यंत चढत जाणारी शिडी दाखवली होती. आपण ती चपलेवर रचून पाहू. माझ्या पायातली, डाव्या अंगठ्याशी झिजलेली ही चप्पल, मग कापशी चप्पल, मग कोल्हापुरी चप्पल, मग पादत्राण, मग माल. पहिल्या पायरीवरून निघताना माझा पाय आणि झीज सुटली, दुसरीनंतर कापशीची घडण सुटली, तिसरीनंतर चामडे आणि गाव सुटले, आणि ‘माल’ म्हणताना ती वस्तू पायात घालायची असते हेही सुटले. ‘पादत्राण’ हे सामान्यनाम आहे, तरी ते बऱ्यापैकी अमूर्त आहे.

येथे एक गोष्ट नेमकी ध्यानात घ्यावी, कारण तिचा उल्लेख फार कमी होतो. वर जाणारी शिडी एकच नसते. हीच चप्पल कारागिराच्या दृष्टीने ‘मजुरी’कडे चढते, देवळाबाहेर ती सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने ‘ठेव’ होते आणि 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यावर ती महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांचे ‘मानांकित उत्पादन’ ठरली. वगळायचे काय, हे हेतू ठरवतो. वाद घालणारी दोन माणसे वेगवेगळ्या शिड्यांवर उभी असतील, तर दोघांचे म्हणणे बरोबर असूनही वाद मिटत नाही.

चुकीचे अंग राखल्याचे उदाहरणही आपल्या घरचेच आहे. परगावच्या हॉटेलात ‘कोल्हापुरी’ म्हणजे लाल आणि झणझणीत, एवढाच अर्थ उरला आहे. ज्या ताटात तांबड्या रश्शाशेजारी सौम्य पांढरा रस्सा असतो, त्या ताटाचे एकच अंग उचलून त्याला सबंध गावाचे नाव दिले गेले.

मनात चित्र उमटले नाही म्हणजे कळले नाही, असे समजणे

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने 1690 मध्ये त्रिकोणाच्या सामान्य कल्पनेविषयी लिहिले की, ती कल्पना काटकोनी नसावी, समभुज नसावी, विषमभुजही नसावी. एकाच वेळी सर्व असावी आणि यांपैकी कोणतीच नसावी. आयरिश तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली याने 1710 मध्ये त्यावर आक्षेप घेतला : असा त्रिकोण कोणाच्याही मनात उमटू शकत नाही. त्याचा तोडगा मला आजही वर्गात सर्वांत उपयोगी वाटतो. फळ्यावर काढलेला त्रिकोण विशिष्टच असतो, पण सिद्धता देताना आपण त्याच्या विशिष्टपणाचा आधार घेत नाही, म्हणून ती सर्व त्रिकोणांना लागू होते.

यातून खरी चूक पकडता येते. विद्यार्थी नकळत दोन बाजू समान काढतो आणि तिसऱ्या ओळीत त्या समानतेचा आधार घेतो. आकृती डोळ्यांना पटते, म्हणून चूक दिसत नाही. उपाय सोपा आहे : तीच सिद्धता मुद्दाम वेड्यावाकड्या त्रिकोणावर पुन्हा लिहावी. निबंधातही हेच करावे. ‘लोकशाही’विषयी लिहिताना मतदानाची रांग डोळ्यांसमोर असेल, तर सगळा निबंध मतदानापुरताच उरतो. अशा वेळी ग्रामसभेचे उदाहरण घेऊन तीच विधाने टिकतात का, ते तपासावे.

नामाला कर्ता बनवणे

‘परिसरात स्वच्छतेबाबत उदासीनता दिसून येते’, ‘विकासाने गावाचे रूप पालटले’ अशी वाक्ये तपासताना मला मनापासून वाईट वाटते, कारण लिहिणाऱ्याला बहुधा काहीतरी खरे सांगायचे असते आणि ते या नामांखाली गाडले जाते. उदासीनता कोणाची? विकासाने म्हणजे कोणी, काय बांधून? तत्त्वज्ञ अल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड याने 1925 मध्ये, अमूर्त कल्पनेलाच खरी वस्तू समजण्याच्या या दोषाला ‘भलत्या ठिकाणी मूर्तत्व पाहणे’ अशा अर्थाचे नाव दिले. दुरुस्तीसाठी नामाचे क्रियापद करावे आणि त्याला माणूस जोडावा : ‘कचऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदाच येते, म्हणून लोक उरलेल्या दिवशी कोपऱ्यावर कचरा टाकतात.’ एवढे लिहिल्यावर ‘उदासीनता’ हा शब्द योग्य होता का, हेही कळते. येथे तो योग्य नव्हता.

याचेच दुसरे रूप इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल याने 1949 मध्ये दाखवले. ऑक्सफर्डची महाविद्यालये, ग्रंथालये, मैदाने पाहून झाल्यावर पाहुणा विचारतो, ‘पण विद्यापीठ कुठे आहे?’ आपल्याकडे तालमीबाबत, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याभोवती उभ्या राहिलेल्या मंडळाबाबत, असेच घडू शकते. लाल मातीचा हौदा पाहिला, वस्ताद भेटले, फुटबॉलचा संघ पाहिला, गणपतीचा मांडव पाहिला. यानंतर ‘तालीम’ नावाची आणखी एक वस्तू शोधायला निघणे ही चूक आहे, आणि तालीम म्हणून काही नाहीच, असे म्हणणेही तितकीच मोठी चूक आहे. ती या सर्वांची बांधणी आहे.

अमूर्त विचार शिकलेल्यांचाच, असे मानणे

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया याने 1931 आणि 1932 मध्ये उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांपुढे हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांची चित्रे ठेवून वेगळी वस्तू निवडायला सांगितले. निरक्षर शेतकऱ्यांनी ओंडका बाजूला काढायला नकार दिला, कारण त्याच्याशिवाय हत्यारांना काम नाही. त्यांच्याकडे अमूर्त वर्गीकरण नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. मला तो पुरा पटत नाही. ‘एका कामात लागणाऱ्या वस्तू’ हेही निवडून काढलेले एक अंगच आहे. करवीर तालुक्यातला निरक्षर शेतकरी जमिनीला ‘जिराईत’ म्हणतो, तेव्हा तो मालक, पीक, बांध, उतार सारे वगळून पाणी पावसावर अवलंबून आहे एवढेच राखतो.

शब्द एका विशिष्ट वस्तूचा (‘व्यक्ती’चा) बोध करतो की तशा सर्व वस्तूंच्या सामान्य रूपाचा (‘आकृती’चा), हा प्रश्नही आपण बाहेरून आणलेला नाही. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात व्याडी या वैयाकरणाचा द्रव्याचा, म्हणजे विशिष्ट वस्तूचा, पक्ष आणि वाजप्यायन या वैयाकरणाचा आकृतीचा पक्ष दोन्ही नोंदलेले आहेत, आणि न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाने, न्यायसूत्रांनी, व्यक्ती, आकृती (येथे बाह्य घडण) व जाती या तिन्हींना पदाचा, म्हणजे शब्दाचा, अर्थ मानले. ‘गाय बांध’ या वाक्यात गोठ्यातली एक गाय अभिप्रेत असते, ‘गाय रवंथ करते’ या वाक्यात सगळी जात, आणि पिठाची गाय करून दे म्हणणाऱ्या मुलाला फक्त आकृती हवी असते.