अखेरच्या दिवसांसाठी औषधे आधीच लिहून ठेवताना
ब्रिटनमधील केअर होममध्ये (वृद्ध व आजारी लोकांच्या निवासी काळजीगृहात) मरणासन्न रहिवाशाला वेदना, धाप, मळमळ, अस्वस्थता किंवा घशातील घरघर यांचा त्रास रात्री-अपरात्री, औषधांची दुकाने बंद असतानाही सुरू होऊ शकतो. म्हणून मॉर्फिन (वेदना व धापेसाठी), मिडाझोलाम (अस्वस्थतेसाठी), हॅलोपेरिडॉल (मळमळीसाठी), ग्लायकोपायरोनियम (घरघरीसाठी) अशी त्वचेखाली द्यायची इंजेक्शने आधीच लिहून ठेवतात. मात्र ठरलेला संच डोळे झाकून लिहू नये: मूत्रपिंडे निकामी असल्यास मॉर्फिनचे अंश शरीरात साचतात आणि पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णाला हॅलोपेरिडॉल टाळावेच लागते. प्रत्येक औषधापुढे कारण, मात्रा, दोन मात्रांमधील किमान अंतर आणि २४ तासांची कमाल मर्यादा नोंदवावी. जिथे परिचारिका नसते, तिथे इंजेक्शनसाठी कोणाला बोलवायचे, हेही त्याच कागदावर असावे. नातेवाइकांशी आधी बोलावे. औषधे आली म्हणजे मरण उद्यावर आले, असा समज सहज होतो.