लांब इंग्रजी शब्दांची फोड आणि आघाताची जागा

नागपुरात सीताबर्डीवर फिरताना ‘इलेक्ट्रिकल्स’, ‘फोटोग्राफी’ असे शब्द पाट्यांवर देवनागरीत दिसतात आणि आपण ते मराठीच्या चालीने, प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे वजन देत वाचतो. मराठी बोलताना ते खपून जाते. इंग्रजी बोलताना मात्र लांब शब्दाचा एक अवयव, म्हणजेच सिलेबल, जोराने आणि किंचित लांबवून उच्चारावा लागतो. या जोरालाच आघात म्हणतात.

आधी शब्दाची फोड करावी. लिहिलेली अक्षरे मोजू नयेत, कानाला ऐकू येणारे स्वर मोजावेत. ‘युनिव्हर्सिटी’चे यू-नि-व्हर्-सि-टी असे 5 अवयव होतात, ‘व्हेजिटेबल’चे मात्र, आपण 4 उच्चारत असलो तरी, व्हेज्-ट-बल असे 3 होतात, कारण मधला एक स्वर बोलताना गळून पडतो.

आघात शोधताना शब्दाच्या शेपटाकडे पाहावे. शेवटी ‘शन’ किंवा ‘इक’ असेल, तर आघात बहुधा त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर येतो. ‘इन्फर्मेशन’मध्ये तो ‘मे’वर आहे. शेवटी ‘इटी’ किंवा ‘इकल’ असेल, तर शेवटून तिसरा अवयव धरावा. म्हणूनच ‘इलेक्ट्रिकल’मध्ये ‘लेक्’वर असलेला जोर ‘इलेक्ट्रिसिटी’त ‘ट्रि’वर सरकतो. ‘अरेबिक’ आणि ‘पॉलिटिक्स’ हे शब्द ‘इक’च्या नियमाला जुमानत नाहीत. त्यांचा जोर पहिल्याच अवयवावर असतो आणि ते पाठच करावे लागतात.

आपली खरी अडचण पुढे आहे. जोर कुठे द्यायचा हे कळले, तरी उरलेले अवयव आपण हलके करत नाही. फोटोग्राफ, फोटोग्राफी, फोटोग्राफिक हे शब्द एकाच कुळातले असले, तरी पहिल्यात आघात ‘फो’वर, दुसऱ्यात ‘टॉ’वर आणि तिसऱ्यात ‘ग्रॅ’वर आहे, त्यामुळे दुसरा शब्द फ-टॉ-ग्र-फी असा ऐकू येतो आणि त्यातला पहिला स्वर अस्पष्ट ‘अ’सारखा उरतो. लघु-गुरूची सवय असलेल्या कानाला हे खटकते, कारण मराठीत दीर्घ स्वर शब्दात कुठेही आला तरी असा विरघळत नाही. तिन्ही शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणावेत आणि जोराच्या अवयवावर टेबलावर बोट आपटावे.

शंका आली तर शब्दकोश पाहावा. उच्चारचिन्हांत वरच्या बाजूला काढलेली छोटी उभी रेघ आघाताच्या अवयवाच्या आधी असते. ती मागच्या अवयवाची समजली, तर जोर एक घर चुकतो.