जाहिराती रोखताना या चुका टाळा: ब्लॉकरवर भरवसा किती ठेवायचा?

‘ब्लॉकर टाकला तरी जाहिराती येतातच’ अशी तक्रार असेल, तर दर वेळी दोष ब्लॉकरचा नसतो. ब्राउझरमधला ब्लॉकर फक्त ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानांपुरता काम करतो. जाहिरात दुसऱ्याच वाटेने येत असेल तर तो काही करू शकत नाही. म्हणून आधी ती येते कुठून, हे शोधा.

पान बंद केल्यावरही स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’ असे चौकोन येतात? बहुधा ती एखाद्या संकेतस्थळाची नोटिफिकेशन असते, आणि तिला परवानगी आपणच दिलेली असते. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ हा त्यांचा ठरलेला डाव. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या क्रमाने जा आणि अनोळखी संकेतस्थळे यादीतून काढून टाका. त्या चौकोनावर क्लिक करून ‘व्हायरस साफ’ करायला जाऊ नका.

अँड्रॉइड फोनवर होम स्क्रीनवरच पूर्ण पडदा झाकणारी जाहिरात येत असेल, तर ते एखाद्या अ‍ॅपचे काम असते. जाहिरात समोर असतानाच ‘रीसेंट अ‍ॅप्स’चे बटण दाबा, ती कोणत्या अ‍ॅपची आहे ते बहुतेकदा तिथे दिसते. नाही दिसले तर सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स’ असे शोधून कोणाकोणाला ती मुभा आहे ते पाहा. टॉर्च, वॉलपेपर किंवा फाइल क्लीनर यांना तिची गरजच नसते. अ‍ॅप काढता येत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये (यात बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स चालत नाहीत) सुरू करून काढा.

नाव पाहून ब्लॉकर निवडणे

सर्वात महागात पडणारी चूक हीच. ‘यूब्लॉक’ आणि ‘यूब्लॉक ओरिजिन’ ही दोन वेगळी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायची छोटी साधने) आहेत. मूळ प्रकल्प रेमंड हिल यांनी 2014 मध्ये सुरू केला. 2015 मध्ये त्यांनी तो दुसऱ्याच्या हाती दिला आणि स्वतःची आवृत्ती ‘ओरिजिन’ या नावाने पुढे नेली. भरवसा ठेवण्याजोगी म्हणून जिची नेहमी शिफारस होते ती ही दुसरी. नुसत्या नकलाही कमी नाहीत. 2017 मध्ये ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ची हुबेहूब नक्कल क्रोमच्या अधिकृत स्टोअरमध्ये होती आणि ती सुमारे 37,000 जणांनी घेतली होती. 2019 मध्ये ‘अ‍ॅडब्लॉक’ आणि ‘यूब्लॉक’ या नावांची दोन बनावट एक्स्टेन्शन्स सापडली. ती जाहिराती खरोखर अडवत होती, आणि मागच्या दाराने खरेदीच्या संकेतस्थळांच्या कुकीज (ब्राउझरमध्ये साठणाऱ्या छोट्या खुणा) पेरून, ग्राहक आपणच पाठवला असे भासवत दलाली खात होती. तेव्हा ‘चांगले चालते’ हा विश्वासाचा पुरावा नव्हे. स्टोअरमध्ये शोधत बसू नका. निर्मात्याच्या अधिकृत पानावरच्या दुव्यावरूनच स्टोअरमध्ये जा.

एकदा तपासले की विसरून जाणे

‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी बहुतेक ब्लॉकर मागतात. कामासाठी ती लागते हे खरे, पण बँकेचे पान आणि ईमेलही त्यात आले. ही परवानगी एकदा दिली की पुढचे अपडेट आपोआप, न विचारता येते. मालक बदलला तरी तुम्हाला कळवले जाईलच असे नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये ‘नॅनो अ‍ॅडब्लॉकर’ आणि ‘नॅनो डिफेन्डर’ विकले गेले. नव्या मालकांनी अपडेटमधून घातक कोड घातला आणि वापरणाऱ्यांच्या इन्स्टाग्राम खात्यांवरून परस्पर लाइक पडू लागले. ब्लॉकरविषयी विचारायचे प्रश्न म्हणूनच तीन: कोड खुला (कोणालाही वाचून तपासता येईल असा) आहे का, चालवतो कोण, आणि पैसे कुठून येतात?

पैशाचा प्रश्न नेहमी काळाबेरा असतोच असे नाही. ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ची जर्मन कंपनी आयओ 2011 पासून ‘स्वीकारार्ह जाहिराती’, म्हणजे तिच्या निकषांत बसणाऱ्या कमी त्रासदायक जाहिराती, तुम्ही बंद करेपर्यंत दिसू देते, आणि त्यातून मोठा फायदा होणाऱ्या कंपन्यांकडून शुल्क घेते. हे ती उघडपणे सांगते. आमच्या मते ही फसवणूक नव्हे, पण तुम्हाला ते माहीत हवे. नको असेल तर सेटिंग्जमधली ‘अलाऊ अ‍ॅक्सेप्टेबल अ‍ॅड्स’पुढची खूण काढा.

शक्य तिथे कमी परवानगीचा ब्लॉकर घ्या. आयफोनवरच्या सफारीतले कंटेंट ब्लॉकर फक्त नियमांची यादी ब्राउझरला देतात. अडवण्याचे काम सफारी स्वतः करते, त्यामुळे तुम्ही काय पाहता हे त्या ब्लॉकरला कळत नाही. क्रोममध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद होणार म्हणून आलेला ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ बेसिक मोडमध्ये पाने वाचण्याच्या परवानगीशिवाय चालतो. मात्र अडवण्याची ताकद थोडी घटते. पूर्ण ताकदीचा ‘ओरिजिन’ हवा असेल तर फायरफॉक्स वापरा.

आणि ब्लॉकर ‘रूट सर्टिफिकेट’ बसवायला सांगत असेल, तर सहसा तिथेच थांबा. कोणत्या जोडणीवर विश्वास ठेवायचा हे फोन किंवा संगणक या प्रमाणपत्रावरून ठरवतो. ते बसले की तुमची एन्क्रिप्ट केलेली (कुलूपबंद) इंटरनेटवरची देवाणघेवाणही ब्लॉकरला उघडून पाहता येऊ शकते. सेन्सर टॉवर या विश्लेषण कंपनीची मोफत व्हीपीएन आणि जाहिरात-रोधक अ‍ॅप्स अशा मार्गाने माहिती गोळा करत असल्याचे 2020 मध्ये उघड झाले. ‘अ‍ॅडब्लॉक फोकस’ त्यांपैकीच एक.

दोन ब्लॉकर एकत्र चालवणे

दुप्पट संरक्षण मिळत नाही. एक ब्लॉकर जाहिरातीच्या स्क्रिप्टच्या (पानात चालणाऱ्या छोट्या कोडच्या) जागी निरुपद्रवी पर्यायी स्क्रिप्ट ठेवतो, दुसरा ती मूळ विनंतीच अडवतो. मग पान मोडते किंवा संकेतस्थळाला ब्लॉकरचा सुगावा लागतो. एकच ठेवा आणि त्याच्या फिल्टर याद्या (काय अडवायचे याच्या नियमांच्या याद्या) ताज्या ठेवा. ईझीलिस्ट आणि ईझीप्रायव्हसी या दोन बहुतेकांना पुरतात. वीस याद्या चालू केल्याने फक्त बिघाड वाढतात.

पाळत आणि जाहिरात यांत गल्लत करणे

जाहिरात दिसेनाशी झाली म्हणजे माहिती गोळा होणे थांबले असे नाही. इन्कॉग्निटो खिडकी तिच्यातला इतिहास तुमच्या संगणकावर ठेवत नाही, पण संकेतस्थळांकडची नोंद पुसत नाही. त्यातच गुगलवर लॉग इन केले तर जे काही शोधाल ते त्या खात्याशी जोडले जाते. म्हणून खात्यातली सेटिंग्ज वेगळी बदलावी लागतात: गुगलच्या ‘माय अ‍ॅड सेंटर’मध्ये वैयक्तिक जाहिराती बंद करा, अँड्रॉइड 12 पासून पुढे सेटिंग्जमधल्या गुगल विभागात ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ करा, आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीतल्या ‘ट्रॅकिंग’मध्ये अ‍ॅपना विचारण्याचीच मुभा काढून घ्या. जाहिरातींची संख्या याने घटणार नाही. कालच शोधलेली वस्तू पाठलाग करेनाशी होईल, एवढेच.

अ‍ॅपमधल्या जाहिरातींसाठी अँड्रॉइड 9 पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा. जाहिराती गाळणाऱ्या डीएनएस सेवेचा पत्ता तिथे टाकायचा. पण जाहिरात आणि मजकूर एकाच पत्त्यावरून येत असतील, जसे यूट्यूबवर, तर डीएनएस त्यांना वेगळे करू शकत नाही. शिवाय तुम्ही कोणती संकेतस्थळे उघडता हे त्या सेवेला दिसते, तेव्हा वरचे तीन प्रश्न तिलाही विचारा.

ब्लॉकरमुळे पैसे भरण्याचे किंवा ओटीपीचे पान अडकले, तर तो काढून टाकू नका. ‘ओरिजिन’च्या चिन्हावर क्लिक करून मोठे पॉवर बटण दाबा आणि पान पुन्हा लोड करा, ब्लॉकर तेवढ्या संकेतस्थळापुरता बंद होतो. हे व्यवहार सुरू करण्याआधीच केलेले बरे, कारण पैसे कापले जात असताना पान पुन्हा लोड केले तर व्यवहार अर्धवट लटकू शकतो.